बुडेल की तरंगेल? आधी मुलांना विचारा



‘जड वस्तू बुडते, हलकी तरंगते’ हे आपण लहानपणी ऐकलं आणि आता मुलांनाही तेच सांगतो. पण नीरा डाव्या कालव्यात मोठा ओंडका तरंगत जातो आणि चिमूटभर वाळू तळाला बसते. हे पाहून मुलानं ‘असं कसं?’ विचारलं, तर त्याला गप्प करू नका. त्याचा प्रश्न आपल्या उत्तरापेक्षा शहाणा आहे.

नुसतं वजन पाहून भागत नाही, ते वजन किती जागेत मावलंय हेही पाहावं लागतं. यालाच घनता म्हणतात. एक लिटर पाणी सुमारे एक किलो भरतं. तेवढ्याच जागेतलं लाकूड बहुधा त्याहून कमी भरतं, म्हणून तरंगतं. लोखंड जवळजवळ आठ किलो भरतं, म्हणून बुडतं.

हे शिकवायला सोमेश्वरनगरच्या परिसरात कुठलाही संच विकत आणावा लागत नाही. दुधाची ‘डिग्री’ घरोघरी ठाऊक आहे. चांगल्या गाईच्या दुधात लॅक्टोमीटर साधारण 28 ते 30 दाखवतो. पाणी मिसळलं की दुधाची घनता घटते, लॅक्टोमीटर जास्त खोल जातो आणि आकडा उतरतो. गाळप हंगामात साखर कारखान्यांच्या प्रयोगशाळेत उसाच्या रसाचा ब्रिक्स, म्हणजे त्यात विरघळलेल्या साखरेसारख्या घटकांचं प्रमाण, याच तत्त्वावरच्या हायड्रोमीटरने मोजता येतो. 20 ब्रिक्सचा लिटरभर रस सुमारे 1 किलो 80 ग्रॅम भरतो.

बाजरी पेरणाऱ्या घरांत तर हा धडा पेरणीआधीच होतो. अरगट रोग टाळायला 10 लिटर पाण्यात 2 किलो मीठ विरघळवून त्यात बियाणं टाकतात. मिठानं पाणी दाट होतं, त्यामुळे रोगाच्या काळ्या गाठी आणि पोचट दाणे वर येतात. ते काढून टाकायचे, तळाचं बियाणं स्वच्छ पाण्यानं धुऊन सावलीत वाळवायचं. यंदा हे काम मुलांसमोर करा आणि मीठ कशाला, ते त्यांनाच सांगू द्या.

घरी बटाटा घ्या. साध्या पाण्यात तो बुडतो. मीठ ढवळत घालत गेलात की वर येतो. आता तोच कापून अर्धा टाका. अर्ध्या वजनाचा बटाटा साध्या पाण्यात तरंगेल का? पाण्यात टाकण्याआधी मुलाला अंदाज सांगायला लावा. अंदाज चुकला तर हसू नका, ‘तुला तसं का वाटलं?’ एवढंच विचारा. मग स्टीलची वाटी अलगद पाण्यावर ठेवा आणि शेजारी स्टीलचा चमचा सोडा. धातू एकच, तरी वाटी तरंगते, कारण तिच्या पोकळीतली हवाही हिशेबात येते. जहाजाचं गणित मुलाला इथेच उमगेल.

हे सगळे प्रयोग मात्र बादलीतच, आणि मोठं माणूस जवळ असताना. माणसाच्या शरीराची घनता पाण्याच्या अगदी जवळपास असते. छातीत हवा भरलेली असेल तर बहुतेक जण जेमतेम तरंगतात, आणि घाबरून ओरडलं की तीच हवा बाहेर जाते. म्हणून तर विहिरीत पोहायला शिकवताना पाठीला वाळका भोपळा किंवा रिकामा डबा बांधतात. घनतेची व्याख्या पाठ असलेल्या मुलालाही पोहणं वेगळं शिकावं लागतं. तोवर कालव्यावर एकटं पाठवू नका.