संगणकाचा पडदा अंधारल्यास : दोषशोधनाचा एक पाठ

संगणकाचा पडदा काळा पडला म्हणजे पडदाच बिघडला, असा समज सर्वत्र आढळतो. वस्तुतः चित्र तयार होते ते संगणकात. केबल ते वाहून नेते. पडदा, म्हणजे मॉनिटर, ते केवळ दाखवितो. या तिहींपैकी कोणाचाही दोष अखेर पडद्यावरच प्रकट होतो. चोपडा, यावल वा शिरपूर तालुक्यातील सातपुड्याच्या पायथ्याच्या गावाहून मॉनिटर जळगाव-धुळ्यास न्यावा आणि दुकानात तो ठणठणीत चालावा, यात शिक्षकाचा दिवस जातो व वर्गाचा पाठ बुडतो. त्याहून वाईट म्हणजे चांगल्या वस्तूच्या निर्लेखनाचा प्रस्ताव होऊन बसतो. म्हणून घरी असो वा शाळेत, दोष कोठे आहे हे प्रथम क्रमाने शोधावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हा या शोधाचा मुख्य नियम होय. दोन गोष्टी एकदम बदलल्यास गुण कशाने आला हे कळत नाही.

१. वीज. मॉनिटरच्या कडेचा छोटा दिवा पाहावा. तो मुळीच लागत नसेल तर त्याच सॉकेटला मोबाईलचा चार्जर लावून वीज येते की नाही याची खात्री करावी. नंतर स्विच बंद करून मॉनिटरच्या मागील वायर घट्ट बसवावी. ॲडॉप्टर असल्यास तोही तपासावा. उन्हाळी सुटीनंतर उंदरांनी वायर कुरतडलेली असण्याचा संभव असतो. तशी वायर चिकटपट्टी लावून वापरू नये, बदलूनच घ्यावी. दिवा नारिंगी असेल किंवा लुकलुकत असेल, तर बहुधा वीज पोहोचली आहे, चित्र मात्र पोहोचलेले नाही, असे समजावे.

२. निर्णायक कसोटी. चित्राची केबल मॉनिटरपासून सोडवावी व मॉनिटर बंद करून पुन्हा चालू करावा. पडद्यावर ‘नो सिग्नल’ अशा अर्थाची अक्षरे क्षणभर जरी उमटली, तरी मॉनिटरची वीज, त्याचा प्रकाश व काच ही तिन्ही कार्यक्षम आहेत हे सिद्ध होते. मग दोष केबलीत, संगणकात अथवा बटणांच्या निवडीत शोधावा. केबल एचडीएमआयची व निवड व्हीजीएची असेल, तर पडदा काळाच राहणार. निवड योग्य असूनही चित्र न आल्यास केबल बदलावी. त्यानेही न आल्यास दुसरा संगणक जोडून पाहावा. त्यावर चित्र आले तर मूळ संगणक दोषी ठरतो.

३. रंगांची साक्ष. व्हीजीए केबलीत तांबडा, हिरवा व निळा हे रंग निरनिराळ्या पिनांवरून येतात. निळ्याची पिन वाकली तर पांढरा पडदा पिवळा दिसतो. हिरव्याची वाकल्यास जांभळट गुलाबी, तांबड्याची वाकल्यास निळसर हिरवा. अशा वेळी केबल काढून पिना न्याहाळाव्यात. पंधरांपैकी नवव्या क्रमांकाची पिन काही केबलींत मुळातच नसते. तो दोष मानू नये.

४. पडद्याचा स्वतःचा दोष. चपट्या एलसीडी पडद्याची काच स्वतः प्रकाश देत नाही. तिच्या मागे दिवे असतात. खोली अंधारी करून पडद्यावर तिरपा टॉर्च धरावा. चित्र पुसटसे दिसल्यास मागचा प्रकाश गेला असे समजावे. ‘नो सिग्नल’ ही अक्षरेसुद्धा उभ्या रेघांनी चिरलेली दिसत असतील, तर दोष मॉनिटरचाच. अशा वेळी मात्र तो कारागिराकडे नेणे योग्य.

मर्यादा. मॉनिटरचे झाकण शिक्षकाने कदापि उघडू नये. वीज तोडल्यावरही आतील कपॅसिटरमध्ये ती साठून राहते. जुन्या नळीच्या रंगीत मॉनिटरमध्ये तर वीस हजारांहून अधिक व्होल्टचा दाब असू शकतो. जळाल्याचा वास आला वा ठिणगी दिसली, तर मुख्य स्विच बंद करून तपासणी तेथेच थांबवावी. खानदेशात मे महिन्यात तापमान ४५ अंशांच्या घरात जाते. म्हणून मॉनिटर खिडकीच्या उन्हात ठेवू नये व त्याची हवेची छिद्रे झाकू नयेत. पडद्यावरील धूळ मऊ कोरड्या फडक्याने, वीज बंद असतानाच पुसावी. निकामी नळीच्या काचेत शिसे असते. ती फोडू वा जाळू न देता अधिकृत ई-कचरा संकलनाकडेच सोपवावी.

वर्गासाठी उपयोग. ही विचारसरणी मुलांना शिकविण्यास विजेच्या जोडणीस हात लावू देण्याचे कारण नाही. सेलवर चालणारा, मुद्दाम न लागणारा टॉर्च वर्गात द्यावा. फळ्यावर ‘लक्षण, तर्क, कसोटी, निष्कर्ष’ असे चार रकाने आखावेत. सेल उलटा आहे, दिवा गेला आहे की स्विच सैल आहे, याचा एकेक तर्क मुलांनी मांडावा, पडताळावा व चुकल्यास स्वतःच्या हाताने खोडावा. अनुभवाच्या कसोटीवर न उतरलेला तर्क निःसंकोचपणे सोडून देण्याची सवय ज्या मुलास लागली, त्यास विज्ञानाचा पहिला पाठ मिळाला असे म्हणावयास हरकत नाही.