दुकान बंद, मीटर चालू

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली. कारखाने, गाळे, दुकाने बंद पडली आणि देशाची विजेची एकूण मागणी घटली. घरातला वापर मात्र वाढला. सगळी माणसे दिवसभर घरात, त्यात उन्हाळा. रमजानही एप्रिलअखेर सुरू झाला, त्यामुळे सहरीपासून रात्री उशिरापर्यंत दिवे-पंखे चालू राहिले.

या काळात महावितरणने मीटर रीडिंग थांबवले होते. बिले डिसेंबर ते फेब्रुवारीच्या सरासरीने आली. ते थंडीचे महिने, म्हणून आकडा लहान दिसला. जूनमध्ये प्रत्यक्ष रीडिंग झाले, तेव्हा साचलेला फरक एकाच बिलात आला आणि घरोघर लोक हबकले.

त्या बिलात आपल्या कारागीर बंधूंसाठी एक धडा आहे. तो हिशेबाने पाहू.

हजार वॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट होते. समजा, एका शिंपीबंधूचे घर महिन्याला ८० युनिट वापरते. घरी बसल्यामुळे ७५ वॅटचे दोन पंखे रोज आठ तास जास्त चालले, तर महिन्याला ३६ युनिट वाढतात. १०० वॅटचा टीव्ही रोज पाच तास जास्त चालला की १५ युनिट. घर १३१ युनिटांवर गेले.

आता दुकानाचे काम घरी आणले. मशीनची १०० वॅटची मोटर रोज सहा तास चालते, म्हणजे १८ युनिट. हजार वॅटची इस्त्री रोज एक तास, म्हणजे ३० युनिट. एकूण १७९ युनिट झाले.

महावितरणच्या घरगुती दरात पहिले १०० युनिट स्वस्त असतात. १०१ ते ३०० युनिटांचा दर बराच चढा आहे. घराने १०० ची मर्यादा आधीच ओलांडलेली असल्याने धंद्याचे ४८ युनिट पूर्णपणे चढ्या दराने पडतात. हा खर्च घरच्या बिलात लपतो, मजुरीत धरला जात नाही. कारागीर म्हणतो, काम भरपूर केले, पण हातात काही उरले नाही!

टाळेबंदी संपली, तरी घरातूनच शिवण, जरीकाम, दुरुस्ती करणारे आपल्यात पुष्कळ आहेत. त्यांनी तीन गोष्टी कराव्यात :

१) दर महिन्याच्या ठरावीक तारखेला मीटरचा आकडा वहीत लिहावा. सरासरीचे बिल आले तर फरकाची रक्कम बाजूला ठेवावी.

२) अनेक महिन्यांचे बिल एकत्र आले, तर स्वस्त टप्पा तितक्या पट धरला आहे का ते तपासावे. तीन महिन्यांना पहिले ३०० युनिट स्वस्त दराने लागले पाहिजेत.

३) मशीन व इस्त्रीचे युनिट वेगळे काढून चढ्या दराने मजुरीत धरावेत. दोरा-बटणाचे पैसे आपण धरतो, मग विजेचे का सोडावेत?