लुओगुफेंगाइट : काचेच्या कुशीत घडणारे लोहखनिज

आपल्या डिचोली, सत्तरी, सांगे भागातील लोहखनिजाचे नाव विचारले तर वर्गातील निम्मे हात वर होतात आणि 'हेमॅटाइट' असे उत्तर येते. त्याचे सूत्रही पाठ असते : लोखंडाचे दोन अणू आणि ऑक्सिजनचे तीन. उत्तर बरोबर आहे. पण प्रश्न उलटा करून पाहा. 'या सूत्राचे खनिज कोणते?' असे विचारले आणि आपण फक्त हेमॅटाइट लिहिले, तर उत्तर अपुरे राहते.

हिरा आणि ग्रॅफाइट यांची गोष्ट आपण शिकलो आहोत. दोन्हींत कार्बनच, फक्त अणूंची मांडणी वेगळी. मूलद्रव्यांच्या बाबतीत याला अपरूपता म्हणतात. संयुगांच्या बाबतीत बहुरूपता हा शब्द वापरतात. लोखंडाच्या या ऑक्साइडची अल्फा, बीटा, गॅमा आणि एप्सिलॉन अशी चार रूपे शास्त्रज्ञ मानतात. अल्फा म्हणजे आपले हेमॅटाइट. गॅमाला मॅगहेमाइट म्हणतात, आणि तेही आपल्याला परके नाही. जांभ्याच्या मातीवर पालापाचोळा जळतो तेव्हा त्या मातीतील गोएथाइट तापून मॅगहेमाइट तयार होऊ शकते. अंगणातील मातीत लोहचुंबक फिरवल्यावर जे काळपट कण चिकटतात, त्यांत मॅग्नेटाइटच्या जोडीला हेही असू शकते. बीटाचा विचार आज करायला नको. या लेखाचा विषय आहे चौथे रूप, एप्सिलॉन.

हे रूप आधी प्रयोगशाळेत सापडले. १९३४ साली फ्रेंच संशोधकांनी त्याची नोंद केली आणि १९६३ साली जर्मन संशोधकांनी त्याला एप्सिलॉन हे नाव दिले. निसर्गातले खनिज म्हणून त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले ते मात्र २०१७ साली. अमेरिकेतील आयडाहो राज्यात रेक्सबर्ग गावाजवळ मेनन नावाचे ज्वालामुखी संकुल आहे. तेथील सच्छिद्र, स्पंजासारख्या दिसणाऱ्या बेसाल्ट खडकात ते मिळाले. चीनमधील नानजिंग विद्यापीठातील खनिजशास्त्राचे प्राध्यापक लुओ गुफेंग यांच्या नावावरून त्याचे लुओगुफेंगाइट असे नामकरण झाले. नाव उच्चारायला अवघड आहे, पण दोनतीनदा मोठ्याने म्हटले की जमते.

ते घडते असे. लाव्हा उसळतो तेव्हा त्यातील वायूंचे बुडबुडे होतात आणि दगडात भोके राहतात. वेगाने थंड झालेल्या लाव्ह्याला स्फटिक होण्यास सवड मिळत नाही. त्याची काच होते. या काचेत सिलिका असते आणि भरपूर लोखंडही असते. दगड अजून खूप तापलेला असतानाच भोकांतून हवा आत शिरते. काचेतील लोखंडाचा ऑक्सिजनशी संयोग होतो आणि भोकांच्या भिंतींवर अतिसूक्ष्म स्फटिक तयार होतात. ते नॅनोमीटरमध्येच मोजावे लागतात. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. भिंगातून हे स्फटिक दिसत नाहीत. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकच लागतो.

इतकी उष्णता, इतके लोखंड आणि इतकी हवा असूनही सरळ हेमॅटाइटच का होत नाही? बहुतेक ठिकाणी होतेच. म्हणून तर हे खनिज दुर्मीळ. खरी गोम कणाच्या आकारात आहे. दहा ठोकळे लांब, दहा रुंद, दहा उंच असा घन रचा. एकूण ठोकळे १०००; त्यांपैकी बाहेरच्या बाजूला दिसणारे ४८८, म्हणजे जवळजवळ निम्मे. आता शंभर बाय शंभर बाय शंभरचा घन घ्या. ठोकळे १० लाख, आणि बाहेरचे सुमारे ५९ हजार, म्हणजे शेकडा सहासुद्धा नाहीत. (वहीत करून पाहा, आमच्यावर विसंबू नका.) पृष्ठभागावरच्या अणूला एका बाजूने शेजारी नसतो, त्यामुळे त्याची ऊर्जा जास्त असते. मोठ्या कणात हा हिशेब नगण्य असतो आणि हेमॅटाइटची मांडणी सर्वांत स्थिर ठरते. लहान कणात मात्र पृष्ठभागाचा खर्च डोईजड होतो. तेथे ज्या मांडणीचा पृष्ठभाग स्वस्त, ती टिकते. अगदी बारीक कणात गॅमा, त्याहून थोडा मोठा झाला की एप्सिलॉन, आणखी वाढला की हेमॅटाइट, असा हा जिना आहे. एप्सिलॉन मधल्या पायरीवर उभे असते. कण एकमेकांना चिकटून वाढू लागले की ती पायरी सुटते. काच नेमके तेच अडवते : ती कणांना वेगवेगळे धरून ठेवते. प्रयोगशाळेतही हे ऑक्साइड बनवताना लोखंडाचे क्षार सिलिकाच्या जेलमध्ये मिसळून सुमारे हजार अंशांपर्यंत तापवतात. ज्वालामुखीत आपोआप घडते तेच येथे हाताने घडवायचे.

एवढा खटाटोप त्याच्या चुंबकत्वासाठी. २००४ साली टोकियो विद्यापीठातील संशोधकांनी दाखवले की या ऑक्साइडच्या सूक्ष्म कणांच्या चुंबकत्वाची दिशा उलटवायला साध्या तापमानालाही सुमारे २ टेस्ला क्षेत्र लागते. रुग्णालयातील एमआरआय यंत्राचे क्षेत्र बहुधा दीड टेस्ला असते, यावरून कल्पना करा. येथे एक फरक ध्यानात ठेवावा. हा चुंबक फार जोरदार नाही, हट्टी आहे. त्याची ओढ कमीच, पण एकदा घेतलेली दिशा तो सहजी सोडत नाही. माहिती साठवण्याच्या कामी असा हट्ट उपयोगी, आणि त्यासाठी महाग दुर्मीळ मृदा धातू लागत नाहीत; लोखंड आणि ऑक्सिजन पुरतात.

आता चीनकडे वळू. फुजियान प्रांतात सोंग राजवटीच्या काळात (९६० ते १२७९) जियान भट्ट्यांत चहाचे काळेभोर वाडगे भाजले जात. जपानमध्ये त्यांना तेनमोकू म्हणतात. त्यांच्या चकाकीवर कधी सशाच्या लोकरीसारख्या तपकिरी रेघा, तर कधी तेलाच्या थेंबांसारखे रुपेरी ठिपके उमटत. या चकाकीचा थर म्हणजेसुद्धा लोखंड असलेली काच, आणि भट्टीचे तापमान १३०० अंशांच्या आसपास. ज्वालामुखीची बरीचशी सामग्री येथे जमलेली होती. रंग हेमॅटाइट किंवा मॅग्नेटाइट यांचा असावा, असे मानले जाई. २०१४ साली काही तुकड्यांचा पृष्ठभाग क्ष-किरणांनी तपासला गेला, तेव्हा रेघा आणि ठिपके या दोन्हींत एप्सिलॉन निघाले. रुपेरी ठिपक्यांच्या पृष्ठभागावर तर केवळ तेच होते. म्हणजे आयडाहोच्या दगडाचे वर्णन छापून येण्याआधी तीन वर्षे ते जुन्या वाडग्यात ओळखले गेले.

त्यातही ठिपक्यांवरचे स्फटिक काही मायक्रोमीटरपर्यंत वाढलेले आहेत. एक मायक्रोमीटर म्हणजे हजार नॅनोमीटर. आपल्या जिन्याच्या हिशेबाने एवढ्या मोठ्या कणाचे केव्हाच हेमॅटाइट व्हायला हवे होते. झालेले नाही. आकाराखेरीज भट्टी तापण्या-निवण्याचा वेग आणि भोवतालच्या काचेची घडण यांचाही यात हात असणार. जियानच्या कारागिरांची भाजण्याची रीत उलगडली तर हे ऑक्साइड बनवण्याची कृती सुधारता येईल, अशी त्या संशोधकांना आशा आहे.