पती-पत्नी आणि पाळणाघराची फ्रँचायझी



नावाजलेल्या कंपनीची फ्रँचायझी घेऊन पती-पत्नी मिळून पाळणाघर चालवू शकतात. कंपनी नाव, अभ्यासक्रम व प्रशिक्षण देते. त्याबद्दल सुरुवातीचे शुल्क आणि बहुधा उत्पन्नातील ठरावीक हिस्सा, म्हणजे रॉयल्टी, द्यावी लागते. जागेचे भाडे व सेविकांचे पगार मात्र आपल्याच माथी.

भारतीय भागीदारी कायदा, १९३२ नुसार भागीदारीच्या देण्याला प्रत्येक भागीदार व्यक्तिशः जबाबदार असतो. धंद्यासाठी एकाने सही केली तरी देणे दोघांचे. वेळ आल्यास राहते घरही जाऊ शकते. म्हणून करार दोघांनी वाचावा. हिशेब कोणी पाहायचा, मुलांकडे कोणी लक्ष द्यायचे, हे लिहून ठेवावे. घराचे व धंद्याचे खाते वेगळे असावे.

पालक पाटीवरचे नाव पाहून येतात. मूल मात्र तुम्हां दोघांच्या हाती सोपवतात.