मोदक लपवू नका

आईबाबांनो, मुलाला टाइप 1 मधुमेह झाल्यावरचा पहिला गणेशोत्सव फार जड जातो. मग काही घरांत मोदकच होत नाहीत, काही घरांत मुलाची नजर चुकवून खाल्ले जातात. कळकळीनं सांगते, असं करू नका.

हा आजार गोड खाल्ल्यानं होत नाही. शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर उलटते. तुमच्या लाडाचा त्यात काही दोष नाही. 1922 साली रुग्णांना इन्सुलिन मिळू लागलं. त्याआधी अशा मुलांना जवळजवळ उपाशी ठेवून कसेबसे दिवस काढायला लागत. आज इन्सुलिन आहे, म्हणून मोदकही खाता येतो. फक्त मोजून.

पिठी आणि गूळ काट्यावर तोला, मोदकांच्या संख्येनं भागा. एका मोदकाला 15 ग्रॅम पिठी आणि 15 ग्रॅम गूळ पडला, तर कर्बोदकं साधारण 25 ग्रॅम. गुळाचा धसका सगळेच घेतात, पण जवळजवळ निम्मी कर्बोदकं पांढऱ्या पारीतच असतात. आणि साखरेऐवजी गूळ घातला म्हणून रक्तातली साखर कमी चढते, असंही नाही. डॉक्टरांनी 12 ग्रॅम कर्बोदकांना 1 युनिट इन्सुलिन असं प्रमाण ठरवून दिलं असेल, तर या मोदकाला सुमारे दोन युनिट. प्रत्येक मुलाचं प्रमाण वेगळं. शेजारच्या मुलाचं वापरू नका. मोदक मधल्या वेळी देण्यापेक्षा वरण-भाजीच्या जेवणातच वाढा. दिवाळीतली करंजी तळलेली, तिची साखर उशिरापर्यंत चढत राहते. तेव्हा तीन-चार तासांनीही तपासा.

साखर 70 च्या खाली घसरली तर मात्र पेढा-मोदक उपयोगाचा नाही, त्यातल्या तूप-खव्यामुळे वेळ लागतो. मूल शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा.

खरी भीती लपून खाल्लेल्या मोदकाची, कारण त्याचं इन्सुलिन घेतलेलंच नसतं. "आई, मी दोन खाल्ले" असं मूल सांगायला आलं, तर आवाज चढवू नका. "बरं झालं सांगितलंस" म्हणा आणि दोघं मिळून साखर बघा. आरतीला आलेली आत्या त्याच्यासमोरच "बिचाऱ्याला गोड चालत नाही ना?" म्हणाली, तर तिथल्या तिथे, त्याला ऐकू जाईल असं सांगा: "चालतं की, तो मोजून घेतो."