दुधाच्या दातांचा हिशेब

‘दुधाचेच दात, पडणारच आहेत,’ असं म्हणत खान्देशात घरोघरी किडीकडे काणाडोळा होतो. समोरचे दात मूल सहा-सात वर्षांचं झाल्यावर पडतात हे खरं. पण दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात. तिसऱ्या वर्षी किडलेल्या दाढेनंच पुढची सात-आठ वर्षं भाकरी चावायची असते.

घरचा खर्च आधी पाहू. तीन वर्षांखालच्या बाळाला तांदळाच्या दाण्याएवढी, त्यानंतर वाटाण्याएवढी पेस्ट, दिवसातून दोनदा. वाटाण्याएवढी म्हणजे साधारण पाव ग्रॅम, म्हणजे वर्षाला दोनशे ग्रॅमसुद्धा लागत नाही. साधी फ्लोराइडची पेस्ट आणि चार छोटे ब्रश मिळून वर्षाला अडीचशे रुपये धरा. २२ सप्टेंबर २०२५ पासून दोन्हींवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्के झाला आहे. कार्टूनच्या महाग ट्यूबवर पैसे घालवण्याआधी घटकांत फ्लोराइड आहे का ते वाचा. नसेल तर माझ्या मते ते पैसे वाया गेले. आणि ब्रश मोठ्यांनीच फिरवायचा, निदान सात वर्षांपर्यंत. बोअरचं पाणी पीत असाल तर त्यातलं फ्लोराइड एकदा तपासून घ्या, ते लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर नको.

फुकटातली काळजी त्याहून मोलाची. दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवू नका, चहा-बिस्कीट दिवसभर चालू ठेवू नका. रावेर-यावलचं केळं जेवणासोबत खुशाल द्या; चिकटून बसतात ते वेफर्स आणि बिस्किटं.

तपासणीलाही पैसे लागत नाहीत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा येतं. तारीख सेविकेला विचारून ठेवा. पथक कीड शोधून मुलाला पुढे रुग्णालयात पाठवतं. चोपडा, शिरपूरसारख्या उपजिल्हा रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. दातांचे डॉक्टर कोणत्या दिवशी बसतात, ते विचारूनच निघा, नाहीतर मजुरी बुडते. धुळ्यात साक्री रोडला एसीपीएम दंत महाविद्यालय आहे. अशा महाविद्यालयांत शिकणारे डॉक्टर शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात. वेळ जास्त लागतो, दर खासगीपेक्षा बरेच कमी असतात.

खासगीत ढोबळ अंदाज असा: तपासणी शंभर ते तीनशे, सिमेंट भरायला पाचशे ते दीड हजार. कीड दाताच्या नसेपर्यंत गेली म्हणजे रूट कॅनाल आणि कॅप मिळून चार ते आठ हजार, शिवाय तीन-चार फेऱ्या. एक्स-रे आणि कॅप धरून किती, हे आधीच लिहून घ्या.

सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांमागे एक नवी दाढ येते. तिच्यासाठी कोणताच दात पडत नाही, म्हणून ती दुधाचीच वाटते. ती कायमची आहे. तिच्या खाचा किडण्याआधी सीलंटनं बुजवून घ्यायला दाढेमागे पाचशे ते हजार रुपये लागतात. मोजायचेच असतील, तर हे पैसे मोजा.