पडद्यावर जुनेच बिल : फाईल अडकते तेव्हा

१ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला आणि जामनेरसारख्या तालुक्याच्या गावीही कापडाच्या दुकानात संगणक आला. वहीतली खाडाखोड डोळ्यांना दिसते. संगणकात मात्र दुरुस्ती एकीकडे होते आणि पडद्यावर जुनाच कागद राहतो. हा तजुर्बा आम्हाला ७,५६० रुपयांना पडला.

झाले असे. ६०० मीटर सूटिंगचे बिल ९६ रुपये दराने बनले होते. मुनिमाने त्याची पीडीएफ उघडून दाखविली. दर १०८ हवा, असे आम्ही सांगितले. त्याने हिशेबाच्या प्रोग्रॅममध्ये दर बदलला व त्याच नावाने पुन्हा पीडीएफ काढली. मध्येच इंग्रजीत एक सूचना आली, ती त्याने एन्टर दाबून घालविली. नवी फाईल लिहिलीच गेली नव्हती! व्हॉट्सअ‍ॅपवर गिऱ्हाइकाला जुने, ६०,४८० रुपयांचे बिल गेले. आमच्या विवरणपत्रात ६८,०४० भरले गेले. पुढल्या महिन्यात त्याच्या जीएसटीआर-२बी मध्ये आमचा आकडा मोठा दिसला. वीस वर्षांचे गिऱ्हाईक विचारू लागले, "चाचा, खरा कागद कोणता?" आम्ही क्रेडिट नोट काढून ९६ चाच भाव धरला. दुसरे काय करणार?

दोष प्रोग्रॅमचा नव्हे, समजुतीचा. विंडोजमध्ये एखादा प्रोग्रॅम फाईल उघडताना, "माझे होईस्तोवर यात कोणी लिहू नये" असे कुलूप घालू शकतो. पीडीएफ वाचण्याचे अ‍ॅडोबी रीडर असेच करते. म्हणून ती खिडकी आधी बंद करावी, मगच नवी पीडीएफ काढावी. ब्राउझरमध्ये बिल उघडले असेल तर तऱ्हा निराळी: तेथे फाईल बहुधा बदलते, पण पडद्यावरचे चित्र जुनेच राहते, एफ ५ दाबल्यावर नवे येते. सुमात्रा पीडीएफ नावाचा एक मोफत वाचक आहे. तो कुलूप घालीत नाही आणि फाईल बदलताच नवे पान आपोआप दाखवितो. हल्ली आम्ही तोच वापरतो.

सर्व खिडक्या बंद करूनही फाईल अडकलेली असेल तर फोल्डरच्या उजव्या बाजूचा प्रीव्ह्यूचा कप्पा पाहावा. नुसती फाईल निवडली तरी तो तिला धरून ठेवू शकतो. ऑल्ट आणि पी एकत्र दाबले की तो मिटतो. तरीही न सुटल्यास रिसोर्स मॉनिटर उघडून सीपीयूच्या पानावर असोसिएटेड हँडल्सच्या रकान्यात फाईलचे नाव टाकावे. धरणाऱ्या प्रोग्रॅमचे नाव समोर येते.

दुकानात दोन संगणक जोडलेले असतील आणि भावाची यादी एक्सेलमध्ये असेल, तर दुसऱ्या टेबलावरचा माणूस ती उघडून चहाला गेलेला असतो, हेच बहुतेक वेळा निघते. एक्सेल शेजारी ~$ ने सुरू होणारी एक लपलेली छोटी फाईल ठेवते. वीज गेली तर ती तशीच मागे राहते आणि कोणी नसतानाही यादी अडकल्यासारखी वाटते. सगळ्यांची एक्सेल बंद आहे याची खात्री करूनच ती पुसावी.

आता आमच्याकडे पीडीएफच्या नावात बिल नंबर व वेळ घालतात, म्हणजे जुन्यावर नवी लिहिण्याचा प्रश्नच येत नाही. आणि पाठविण्याआधी बिल फोनवर उघडून एकूण रक्कम वाचतात. एकदा पाठविलेली पीडीएफ ही नक्कल असते. दुकानातली मूळ फाईल नंतर कितीही दुरुस्त केली तरी गिऱ्हाइकाच्या फोनमधली बदलत नाही.